‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’: त्या एका मिनिटाचा हिशेब

गेल्या रविवारी माझी भाची ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आली ती लॅपटॉप बगलेत मारूनच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सी भाषेत छोटा चॅट सर्व्हर लिहायचा होता. चप्पल काढता काढताच म्हणाली, “मामा, पहिल्यांदा छान चालतो. बंद करून परत लावला की अडून बसतो.” पडद्यावर एकच ओळ होती: ‘बाइंड: अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’. मैत्रिणीने तिला उपाय सांगितला होता, मिनिटभर देवाचं नाव घे, मग चालतो. आणि तो खरोखरच चालत होता! मला त्या मिनिटाबद्दलच लिहायचं आहे, कारण ते मिनिट मोजूनमापून ठेवलेलं आहे.

आधी थोडी ओळख. दोन संगणकांवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येकाला एक टोक लागतं, त्याला सॉकेट म्हणतात. 1983 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 4.2बीएसडी ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बाहेर पडली, तिच्यासोबत ही पद्धत आली आणि आजही जवळपास तशीच आहे. सर्व्हर ‘सॉकेट’ हे फंक्शन बोलावून टोक मागतो, ‘बाइंड’ने त्याला पत्ता आणि पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर म्हणा) जोडतो, ‘लिसन’ने कान उघडे ठेवतो आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ने आलेल्याला आत घेतो. समोरचा फक्त ‘कनेक्ट’ म्हणतो. (नेटवर्कवर आकड्याचे बाइट आपल्या नेहमीच्या संगणकांच्या उलट क्रमाने लिहितात. पोर्ट देताना हा क्रम उलटायला विसरलात, तर आपल्या नेहमीच्या संगणकांवर 8080 ऐवजी सर्व्हर 36895 वर जाऊन बसतो आणि कुठलीही चूक दाखवत नाही. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली आहे.)

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो आधी काढूनच टाकतो. पुष्कळ जण शिकवतात की अ‍ॅक्सेप्ट केल्यावर सर्व्हर प्रत्येक ग्राहकाला, म्हणजे जोडून घेणाऱ्या समोरच्या प्रोग्रॅमला, नवा पोर्ट देतो, आणि पोर्ट मोजकेच, म्हणून एका सर्व्हरला पासष्ट हजारांच्या वर माणसं जोडता येत नाहीत. हे चूक आहे. नवं मिळतं ते सॉकेट, पोर्ट तोच राहतो. जोडणी ओळखली जाते चार आकड्यांवरून: इकडचा पत्ता, इकडचा पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचा पोर्ट. चारातला एक जरी वेगळा असला तरी जोडणी वेगळी. ही चौकडी लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आता जोडणी तुटते कशी ते बघू. फोनवर आपण “चल, ठेवू?” म्हणतो, समोरचा “हो, ठेव” म्हणतो, तसंच आहे, फक्त इथे दोन्ही बाजूंनी वेगवेगळा निरोप घ्यावा लागतो. ज्याला आधी निघायचंय तो ‘फिन’ (माझं संपलं) पाठवतो, समोरचा ‘अ‍ॅक’ (पोचलं) देतो. मग समोरचा स्वतःचं ‘फिन’ पाठवतो आणि पहिला त्याला शेवटचं ‘अ‍ॅक’ देतो. प्रश्न त्या शेवटच्या ‘अ‍ॅक’चा. ते वाटेत हरवलं तर? समोरचा वाट बघून आपलं ‘फिन’ पुन्हा पाठवणार, आणि त्याला उत्तर द्यायला इकडे कुणीतरी असायला हवं. आमच्याकडे पाहुणे निघाले की लिफ्ट खाली पोचेपर्यंत आई दार लावत नाही, कुणाची छत्री राहिलेली असते, कुणाचा डबा. ज्याने आधी ‘येतो’ म्हटलं, टीसीपीमध्ये, म्हणजे या जोडण्या ज्या नियमांनी चालतात त्यांत, त्यानेच असं थांबायचं. या अवस्थेचं नाव ‘टाइम-वेट’.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. मी घणसोलीत अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो तेव्हा आधीच्या भाडेकरूची पत्रं माझ्या दारात पडायची. पत्ता बरोबर, माणूस चुकीचा. नेटवर्कवरही डेटाचा एखादा तुकडा कुठल्यातरी राउटरमध्ये रेंगाळतो. तेवढ्यात जुनी जोडणी संपून हुबेहूब त्याच चौकडीची नवी जोडणी उभी राहिली, तर तो तुकडा नव्याच्या घरात शिरेल. तुकड्यांवर क्रमांक असतात ना? असतात, प्रत्येक बाइटला असतो. पण तो क्रमांक 32 बिटांचा, म्हणजे 4,29,49,67,296 नंतर पुन्हा शून्यापासून मोजणी. सेकंदाला एक गिगाबिट या वेगाने हा फेरा साधारण 34 सेकंदांत पुरा होतो! म्हणून वेगवान जोडण्यांमध्ये क्रमांकाच्या जोडीला वेळेचा शिक्काही पाठवतात. टीसीपीच्या 1981 च्या मानकाने तुकड्याचं आयुष्य जास्तीत जास्त दोन मिनिटं धरलं आणि त्याच्या दुप्पट थांबा असं सांगितलं. दुप्पट का, तर एक आयुष्य शेवटच्या ‘अ‍ॅक’च्या जाण्याला आणि एक समोरच्या ‘फिन’च्या परत येण्याला. लिनक्सने हा काळ 60 सेकंदांवर आणला आहे.

भाचीच्या मैत्रिणीचं मिनिट ते हेच. भाची कंट्रोल-सी दाबून सर्व्हर आधी बंद करायची, म्हणजे थांबायची पाळी सर्व्हरवर. प्रोग्रॅम संपलेला, पण ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या वतीने दारात उभी, आणि ती तिथे असेपर्यंत नव्या सर्व्हरला तो पोर्ट बाइंड करू देत नाही. त्या साठ सेकंदांत तुम्ही काहीही करा, श्रेय त्यालाच मिळणार. महापेच्या एका जुन्या ऑफिसात सर्व्हरच्या रॅकला लिंबू-मिरची बांधलेली होती, आणि “बांधल्यावर लगेच चालू झाला” असं तिथली शिकलेली माणसं मला मनापासून सांगायची. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहण्यात कृतज्ञता आहे, ती मला मान्य आहे. पण लिंबाने टायमर संपत नाही, आणि संपतो असं मानलं की माणूस कारण शोधायचं सोडून देतो. याचा मला राग येतो.

उपाय एका ओळीचा आहे: ‘सेटसॉकऑप्ट’ या फंक्शनने सॉकेटला ‘रीयूज-अ‍ॅड्रेस’ हा पर्याय लावायचा. लिनक्समध्ये याचा अर्थ असा की त्या पोर्टवर दुसरं कुणी कान लावून बसलेलं नसेल, तर टाइम-वेटमधल्या जुन्या जोडण्या आड येऊ देऊ नका. (विंडोजवर याच नावाचा अर्थ वेगळा आहे, तिथे दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर बसू शकतात, तेव्हा तिथे जपून.)

भाचीने ती ओळ लिहिलेलीही होती, पण बाइंडच्या खाली. पत्ता जोडून झाल्यावर परवानगी मागण्याला अर्थ नाही. तिने ओळ कापून वर डकवली, कंपाइल केलं, सर्व्हर चालवला, एक ग्राहक जोडला, कंट्रोल-सी दाबलं आणि श्वास रोखून परत चालवला. लगेच उठला. मग मी तिला शेजारच्या खिडकीत ‘एसएस’ ही सॉकेटांची यादी दाखवणारी कमांड द्यायला लावली. यादीत वर 8080 वर कान लावून बसलेला तिचा नवा सर्व्हर, आणि त्याखाली त्याच 8080 ची जुनी जोडणी, पुढे ‘टाइम-वेट’ लिहिलेलं. “म्हणजे ती अजून दारातच आहे,” ती म्हणाली. चहा होईस्तोवर ती दर थोड्या वेळाने तीच कमांड देत राहिली. मिनिटभराने खालची ओळ नाहीशी झाली.