बोशिन युद्धातले दाइम्यो (1868-69)

बोशिन युद्ध म्हणजे जपानात 1868-69 मध्ये झालेलं यादवी युद्ध. एका बाजूला सम्राटाच्या नावाने उभी राहिलेली सात्सुमा आणि चोशू ही नैऋत्येकडची संस्थानं, दुसऱ्या बाजूला अडीचशेच्या वर वर्षं राज्य केलेल्या तोकुगावा घराण्यातल्या शोगुनचे, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष कारभार चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाचे, लोक. पण जपानात तेव्हा सुमारे 270 दाइम्यो होते, म्हणजे आपापल्या संस्थानाचे वंशपरंपरागत धनी, आणि त्यातल्या बहुतेकांना कुणासाठीच लढायचं नव्हतं. हे युद्ध समजून घ्यायचं तर या मधल्या लोकांकडे बघायला हवं, जे सहसा कुणी बघत नाही.

सुरुवात नोव्हेंबर 1867 मध्ये झाली, तोसा संस्थानाच्या यामाउची योदोच्या सूचनेवरून शेवटचा शोगुन योशिनोबू याने आपणहून सत्ता सम्राटाला परत केली. योदोचा हिशेब असा की आता दाइम्योंची सभा भरेल, आणि सगळ्यात मोठी जहागीर योशिनोबूचीच असल्यामुळे त्याचं वजन तिथेही राहील. दरबाराने दाइम्योंना क्योतोला बोलावलं तर बहुतेकांनी आजारपण सांगितलं नाहीतर नुसता वेळ काढला. मग 3 जानेवारी 1868 ला सात्सुमा आणि तिच्या जोडीच्या संस्थानांच्या सैनिकांनी राजवाड्याचे दरवाजे ताब्यात घेतले, शोगुनपद रद्द झालं, आणि योशिनोबूची जमीन काढून घ्यायचं ठरलं. त्या रात्रीच्या बैठकीत योदो भडकला, सम्राट फक्त 15 वर्षांचा आहे आणि काही दरबारी त्याला पुढे करून सत्ता लाटतायत असं त्याने तोंडावर सुनावलं. माझ्या मते त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण दाराबाहेर सैन्य सात्सुमाचं होतं.

महिनाअखेरीस क्योतोजवळ तोबा-फुशिमीला लढाई झाली. शोगुनचं सैन्य जवळपास तिप्पट होतं तरी हरलं, आणि याचं एक मोठं कारण म्हणजे समोर फडकलेलं सम्राटाचं लाल किनखापी निशाण, त्यामुळे त्याच्यावर गोळी झाडणारा राजद्रोही ठरणार होता. पुढचं बघा. माघार घेणारं सैन्य योदो नावाच्या किल्ल्याशी (यामाउची योदोशी याचा संबंध नाही) आलं तर किल्ल्याने दरवाजेच उघडले नाहीत, आणि त्या किल्ल्याचा धनी इनाबा मासाकुनी तेव्हा शोगुनच्या राजधानीत, एदोमध्ये (आजचं टोकियो), शोगुन सरकारचा वरिष्ठ मंत्री होता! निर्णय मागे राहिलेल्या कारभाऱ्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी त्सू संस्थानाने बाजू बदलून नदीपलीकडून तोफा डागल्या. हिकोनेचं ई घराणं तर तोकुगावांच्या पिढीजात सेवकांत पहिल्या मानाचं, तेही सम्राटाकडे गेलं, पण 1862 मध्ये शोगुन सरकारनेच त्यांची 1 लाख कोकूची जहागीर कापली होती (एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरणारा तांदूळ) त्यामुळे त्यांना नुसतं बेइमान म्हणणं मला पटत नाही.

घराघरातही फूट पडली. ओवारी ही तोकुगावांचीच शाखा, तिथल्या योशिकात्सुने शोगुनच्या बाजूच्या 14 जणांना मृत्युदंड दिला आणि वाटेवरच्या दाइम्योंना सम्राटाकडे या म्हणून कळवलं, आणि त्याचे दोन सावत्र भाऊ, आइझूचा कातामोरी आणि कुवानाचा सादाआकी, हे नव्या सरकारचे शत्रू ठरले होते.

कातामोरीने शरण यायची तयारी दाखवली होती, पण क्योतोचा बंदोबस्त शोगुनतर्फे कातामोरीकडे होता तेव्हाचा जुना राग चोशूवाले विसरले नव्हते. सेंदाई आणि योनेझावाने मध्यस्थी केली, ती फेटाळली गेली, आणि मग ईशान्येकडच्या 31 संस्थानांची युती उभी राहिली. युती सम्राटाविरुद्ध नव्हती, दरबारातल्या वाईट सल्लागारांविरुद्ध आहे असं तिचं म्हणणं, आणि तिनेही एका राजघराण्यातल्या धर्मगुरूला प्रमुख केलं. नागाओका संस्थानाचा कारभारी कावाई त्सुगुनोसुके याने तर तटस्थ राहायची परवानगी मागितली, बोलणी थोड्याच वेळात फिसकटली आणि तोही युतीत गेला. पण आकिता, मिहारू अशी संस्थानं फुटत गेली आणि नोव्हेंबर 1868 मध्ये आइझू शरण आलं.

एक अपवाद सांगायलाच हवा. जोझाई नावाच्या जेमतेम 10 हजार कोकूच्या संस्थानाचा तरुण दाइम्यो हायाशी तादाताका स्वतः संस्थान सोडून, माणसं घेऊन शोगुनच्या बाजूने लढायला निघून गेला. त्याचं संस्थान कायमचं खालसा झालं, पुढे त्याने साध्या नोकऱ्या करून पोट भरलं, आणि तो थेट 1941 पर्यंत जगला.

बाकीच्यांना शिक्षा कोकूत मोजून मिळाली. सेंदाई सव्वासहा लाखांवरून 2 लाख 80 हजारांवर आलं, आइझूचं घराणं उत्तरेच्या थंड तोनामीत 30 हजारांवर गेलं. जिंकणाऱ्यांचंही फार दिवस टिकलं नाही, 1869 मध्ये सगळ्या दाइम्योंनी जमिनी सम्राटाला परत केल्या आणि 1871 मध्ये संस्थानंच रद्द होऊन प्रांत झाले, सात्सुमा आणि चोशू धरून.