मुकादमाकडून सावडीकडे: शेकडो सर्व्हरवर एकच मॉडेल शिकवण्यामागची पार्श्वभूमी

लातूरला आमच्या कॉलेजात पोरांनी लॅबमधले चार पीसी एका स्विचला जोडले आणि सोयाबीनच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल चौघांवर वाटून ट्रेनिंगला लावलं. चौपट वेग राहिला बाजूला, काम एकट्या पीसीपेक्षाही रेंगाळलं. पोरांना वाटलं, कोड चुकला. कोड बरोबर होता. मॉडेल अडीच कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या अडीच कोटी आकड्यांचं. दर पायरीला, म्हणजे चित्रांचा एक गठ्ठा बघून झाला की, प्रत्येक पीसीकडे 100 एमबी ग्रेडियंट तयार होतात, म्हणजे कोणता आकडा किती सरकवायचा याचा हिशेब, आणि तो बाकीच्यांच्या हिशेबात मिळवावा लागतो. एक गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला फार तर 125 एमबी जातात. आकडेमोड पाव सेकंदात उरकायची आणि निरोपानिरोपीत सव्वा सेकंद जायचा.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात जे घडलं, त्यातलं बरंचसं या निरोपानिरोपीवर तोड काढण्यासाठीच घडलं.

2012 साली टोरोंटोत ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुतस्केव्हर आणि जेफ्री हिंटन या संशोधकांचं 6 कोटी पॅरामीटरचं न्यूरल नेटवर्क 3 जीबीच्या एका ग्राफिक्स कार्डात, म्हणजे जीपीयूत, मावेना. त्यांनी ते मधोमध चिरून दोन कार्डांवर बसवलं आणि पाच-सहा दिवस चालवलं. त्याच वर्षी गूगलमध्ये जेफ डीन आणि सहकाऱ्यांनी जीपीयूला हातही न लावता साधे सर्व्हर जुंपले. हजार सर्व्हर, 16,000 कोअर, यूट्यूबवरून घेतलेली 1 कोटी चित्रं. तीन दिवसांनी त्या जाळ्यातला एक न्यूरॉन मांजराचं तोंड ओळखू लागला. गाजलं ते मांजर. महत्त्वाची होती ती खालची यंत्रणा, डिस्टबिलीफ.

तिची मांडणी बीडकडच्या माणसाला चटकन कळेल. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे अनेक कोयते मिळून टोळी आणि सगळा हिशेब मुकादमाकडे. डिस्टबिलीफमधला पॅरामीटर सर्व्हर म्हणजे हा मुकादम. प्रत्येक यंत्र त्याच्याकडून ताजे आकडे घेऊन जातं, आपल्या वाट्याच्या डेटावर राबतं आणि ग्रेडियंट आणून देतं. कुणी कुणासाठी थांबत नाही. पण त्यामुळे मागे पडलेला कोयता जेव्हा हिशेब घेऊन येतो, तेव्हा वही बरीच पुढे गेलेली असते. हे शिळे ग्रेडियंट मॉडेलला भलतीकडे ओढतात.

2016 मध्ये गूगलच्याच संशोधकांनी उलटा मार्ग सुचवला. सगळ्यांनी एका पायरीवर थांबायचं, मात्र थोडे जास्तीचे कोयते ठेवायचे. ठरलेल्या संख्येइतके हिशेब आले की पायरी संपली, उशिरा येणाऱ्यांचे टाकून द्यायचे. फडात असं केलं तर टोळी दुसऱ्या दिवशी गावाकडे निघेल. यंत्रं रुसत नाहीत.

दुसरी अडचण मात्र तशीच राहिली. कोयते वाढले की मुकादमाच्या दारात गर्दी वाढते. एकाऐवजी चार मुकादम नेमूनही गर्दी फक्त वाटली जाते.

यावरचा उपाय महासंगणकवाल्यांकडे आधीपासून होता. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक उभा केला, तोही एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या अनेक प्रोसेसरचाच होता. निरोपांचे नियम 1994 मध्ये एमपीआय या मानकात बांधले गेले आणि ‘ऑलरिड्यूस’, म्हणजे सगळ्यांची बेरीज सगळ्यांना मिळणं, हा त्यातला एक व्यवहार. 2009 मध्ये पटारासुक आणि युआन या संशोधकांनी तो रिंगणात कसा करावा हे दाखवलं.

यंत्रं जितकी, तितके ग्रेडियंटचे तुकडे करायचे. प्रत्येकाने एक तुकडा शेजाऱ्याला द्यायचा, शेजाऱ्याने त्यात आपलं मिळवून पुढे सरकवायचा. एका फेरीत बेरजा पूर्ण, दुसऱ्या फेरीत त्या सगळ्यांच्या घरी. यंत्रं चार असोत की चारशे, प्रत्येकाला आपल्या ग्रेडियंटच्या दुपटीहून कमीच माल पाठवावा लागतो. मुकादम नाहीच, ही सरळ सावड झाली. 2017 मध्ये बायडू या चिनी कंपनीने ही पद्धत न्यूरल नेटवर्कसाठी वापरात आणली. त्याच वर्षी उबरने तिच्यावर होरोव्होड हे सॉफ्टवेअर काढलं. हे नाव फेर धरून नाचायच्या एका स्लाव्ह नृत्याचं आहे. भुलाबाईचा फेर बघितलेल्याला चित्र समजावून सांगावं लागत नाही.

2017 मध्येच फेसबुकने 256 जीपीयूंवर 8,192 चित्रांची बॅच, म्हणजे एका पायरीचा गठ्ठा, घेऊन रेझनेट-50 हे चित्रं ओळखणारं मॉडेल एका तासात शिकवलं. बॅच वाढवली त्या प्रमाणात लर्निंग रेट, म्हणजे दर पायरीला आकडे किती मोठ्या पावलाने सरकवायचे ते, वाढवायचा, पण सुरुवातीला हळूहळू, ही त्यातली युक्ती.

पुढे मॉडेलच कार्डात मावेनासं झालं. जीपीटी-3 या भाषेच्या मॉडेलचे 17,500 कोटी पॅरामीटर नुसते साठवायला 350 जीबी लागतात आणि तेव्हाचं व्ही100 कार्ड 32 जीबीचं. अशा मॉडेलांसाठी थर कापून वाटणं आलं, आणि मॉडेलचा पसारा सगळ्या कार्डांवर विभागून ठेवणारं मायक्रोसॉफ्टचं झिरो आलं. 2024 मध्ये मेटाने आपल्या लामा 3 या मॉडेलसाठी 16,384 एच100 जीपीयू वापरल्याचं अहवालात सांगितलं. ट्रेनिंगच्या 54 दिवसांत काम 419 वेळा अनपेक्षितपणे थांबलं, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा. मधेमधे चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेल्या आकड्यांच्या प्रती, जपून ठेवले नसते तर दर वेळी पाटी कोरी.

त्याच अहवालात एक बारीक नोंद आहे. दुपारच्या उन्हाने जीपीयूंचा वेग एक-दोन टक्के हलायचा. आमच्या पोरांना त्यात काही नवल वाटलं नाही. मे महिन्यात ते ट्रेनिंग रात्री दहानंतरच लावतात, खिडक्या उघड्या टाकून.