ड्रायर की अ‍ॅक्युम्युलेटर? जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या एसीतला डबा

बहुतेक जण एसीतल्या त्या डब्याला सरसकट ड्रायर म्हणतात. पोर्श ९४४मध्ये तो खरोखरच रिसीव्हर-ड्रायर असतो, कॉर्व्हेट सी४मध्ये मात्र अ‍ॅक्युम्युलेटर. आत ओल शोषणारे दाणे दोन्हींत असतात, म्हणूनच गल्लत होते.

ओळखायला हात पुरे, फक्त पट्टा आणि पंख्यापासून जपून. एसी चालू असताना गरम लागला तर ड्रायर: तो कंडेन्सर (गरम गॅस गार करून लिक्विड करणारी जाळी) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये लिक्विड बेताने सोडणारा) यांच्या मध्ये, जास्त दाबाच्या बाजूला बसतो. गार पडून पाणी सुटलं तर अ‍ॅक्युम्युलेटर: तो कूलिंग कॉइल आणि कॉम्प्रेसरच्या मध्ये असतो, आकारानेही सहसा मोठा.

ड्रायर तळातून लिक्विड उचलून व्हॉल्व्हकडे पाठवतो. अ‍ॅक्युम्युलेटर लिक्विड अडवतो आणि वरचा वायू तेवढा पुढे सोडतो, नाहीतर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह तुटतात. तेल परतावं म्हणून त्याच्या आतल्या यू-नळीच्या तळाला बारीक भोक असतं. ते बुजलं की कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो.

बिघाडही वेगळा दिसतो. ड्रायरवाल्या गाडीत सुरुवातीला कूलिंग छान, थोड्या वेळाने गायब, बंद करून पुन्हा लावलं की परत छान, असं होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओलीचा बर्फ धरतोय. तेव्हा सक्शनच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या गेजचा काटा व्हॅक्यूमकडे झुकतो. अ‍ॅक्युम्युलेटरवाल्या गाडीत कॉम्प्रेसरचा क्लच सक्शनच्या साधारण २५ पीएसआय दाबाला सुटतो आणि ४५च्या आसपास पकडतो. तो काही सेकंदांनीच टकटक करू लागला तर आधी गॅस कमी असल्याचा संशय घ्या. हवा थंड असेल तर थोडं टकटकणं साहजिक.

अ‍ॅक्युम्युलेटरच्या पद्धतीत एक्सपान्शन व्हॉल्व्हऐवजी ऑरिफिस ट्यूब, म्हणजे बारीक भोकाची जाळीदार नळी असते. मशीनने गॅस काढून घेतल्यावरच ती ओढून जाळी उजेडात धरा. चांदीसारखी चमक म्हणजे कॉम्प्रेसर आतून झिजतोय. नुसता डबा बदलून भागणार नाही.

बदलताना आधी गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. जुन्या डब्यातून निघालेलं तेल मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर ड्रायरसाठी साधारण ३० मिली, अ‍ॅक्युम्युलेटरसाठी ६० मिली नवं तेल धरा. नव्या डब्याची टोपणं सगळ्यात शेवटी काढा, कारण दाणे हवेतली ओल लगेच ओढतात. ओ-रिंग नव्या घाला. मग निदान ४५ मिनिटं व्हॅक्यूम पंप चालवा, पंप बंद करून काटा चढतो का ते पाहा.

जुन्या आर-१२ गॅसवरून नव्या आर-१३४ए गॅसवर नेताना दाणेही बदलावे लागतात. जुने एक्सएच-५ जातीचे दाणे नव्या गॅसबरोबर टिकत नाहीत. एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ घ्या. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून ते धुऊन काढून एस्टर तेल घाला. गॅस मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्के पुरतो, तोही वजनकाट्यावर. ड्रायरवरच्या छोट्या काचेच्या खिडकीतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची आर-१२ची सवय इथे घातक: नव्या गॅसची काच पूर्ण चार्जवरही दुधाळ दिसू शकते, आणि त्या नादात जास्त भरला की हाय साइडचा दाब चढून कूलिंग उलट कमी होतं.