फेअर प्ले रक्तात नसतो: कंसातली नैतिकता आणि आदिवासी फुटबॉल

आदिवासी टीम फुटबॉल खेळताना दिसली की कोणीतरी हमखास म्हणतं, यांच्यात चीटिंग नसतंच, फेअर प्ले यांच्या रक्तातच आहे. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे साफ चूक आहे. असा कुठलाही जीन कोणाला सापडलेला नाही. आणि मला हे टोचतं, कारण प्रामाणिकपणा रक्तावर ढकलला की त्या खेळाडूनं स्वतः विचार करून घेतलेल्या निर्णयाचं श्रेयच त्याला मिळत नाही.

नैतिक विचार तपासताना मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गचा भर 'का' वर होता. समजा शेवटचं मिनिट आहे, समोरचा फॉरवर्ड एकटा गोलकडे सुटलाय, मागून पाय घालशील का? एक म्हणतो नाही, रेड कार्ड मिळेल. दुसरा म्हणतो नाही, त्याचा घोटा गेला तर उद्या तो कामावर कसा जाणार. उत्तर एकच, विचार पार वेगळे.

आता खरी गंमत. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्रेंडा ब्रेडेमायर आणि डेव्हिड शील्ड्स या संशोधकांनी खेळाडूंना दोन्ही प्रकारचे प्रश्न विचारले, रोजच्या आयुष्यातले आणि मैदानातले, आणि कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंमध्ये दिसलं की माणूस तोच पण मैदानातल्या प्रश्नाला उत्तर देताना तो जास्त स्वतःपुरता विचार करतो. याला त्यांनी कंसातली नैतिकता म्हटलं. बीजगणितात कंसातलं आपण वेगळं सोडवतो ना, तसंच. हा कंस टिकतो कशामुळे, तर खेळ ठराविक वेळाचा असतो, नियमांची काळजी रेफरी घेतो, डावपेच कोच ठरवतो आणि समोरचा माणूस नव्वद मिनिटांपुरता फक्त 'विरोधी' असतो, म्हणजे जबाबदारी सगळ्या बाजूंनी दुसऱ्याकडे गेलेली असते. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये घानाचा गोलमध्ये जाणारा बॉल लुईस सुआरेझनं हातानं अडवला, रेड कार्ड घेतलं, घानाची पेनल्टी हुकली आणि उरुग्वे पुढे गेलं. कंसाच्या आत हा हिशोब बरोबर बसतो, बाहेर काढून बघितला की नाही बसत.

यातला 'विरोधी' हा शब्द महत्त्वाचा. पापुआ न्यू गिनीतले गहुकु-गामा लोक फुटबॉल शिकले तेव्हा दोन्ही बाजूंचे विजय सारखे होईपर्यंत मॅचवर मॅच खेळायचे, हे मानववंशशास्त्रज्ञ क्लॉड लेव्ही-स्ट्रॉसनं १९६२ मध्ये नोंदवलंय. ब्राझीलमधल्या तिंबिरा लोकांची ओंडक्यांची शर्यत घ्या. बुरिती ताडाचा भलाजड ओंडका घेऊन पळायचं, दमलं की पळता पळताच पुढच्याच्या खांद्यावर द्यायचा, आणि शेवटी जिंकणाऱ्याचा ना जयजयकार ना हरणाऱ्याची चेष्टा. समोरची टीम म्हणजे आपल्याच गावाचा दुसरा अर्धा भाग, मग त्याला कंसात टाकणार कसं? माझ्या मते फरक इथे आहे, समोरचा आपला कोण लागतो यात.

पण मोजपट्टीतही घोळ आहे बरं का. कोलबर्गनं नैतिक विचार खालून वर अशा सहा पायऱ्यांवर मोजला, त्यात 'तो आमच्या नात्यातला आहे, त्याला दुखवायचं नाही' हे उत्तर साधारण तिसऱ्या पायरीवर पडतं, वरच्या दोन पायऱ्या अमूर्त तत्त्वांसाठी राखीव. संशोधक जॉन स्नॅरीनं १९८५ मध्ये ही पट्टी वापरलेले २७ देशांतले ४५ अभ्यास एकत्र तपासले तर पारंपरिक गाव-समाजांत त्या वरच्या पायऱ्यांची उत्तरं मिळालीच नाहीत. म्हणजे ते लोक कमी विचार करतात असं नाही, समूहाच्या जबाबदारीतून केलेला विचार या पट्टीवर नीट मोजलाच जात नाही.

ब्राझीलमध्ये गावियाव क्यिकातेजे नावाचा आदिवासी प्रोफेशनल क्लब आहे, २०१४ मध्ये तो पारा राज्याच्या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळला. तिथे पॉइंट्स आहेत, करार आहेत आणि समोर शहरातले अनोळखी खेळाडू. अशा खेळाडूला मागून पाय घालण्याचा तोच प्रश्न दोनदा विचारायला हवा, एकदा शेजारच्या गावाशी खेळून आल्यावर आणि एकदा लीगची मॅच संपल्यावर, आणि दोन्ही वेळचं 'का' शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवं.