पर्वतीवरून सिंहगडावरचं नाणं

"सूर्य डोक्यावर आला" असं आपण रोज दुपारी म्हणतो. खरं म्हणजे पुण्यात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो: एकदा 13 मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, त्यामुळे पुणेकरांच्या हाती लागतो तो मे महिन्यातलाच. घड्याळात 12 वाजून 31 मिनिटं झाली की गच्चीत उभ्या केलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते आणि नाहीशी होते. (बाराला का नाही? आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह उशिरा.) आमच्या सोसायटीतली मुलं दर वर्षी हे बघायला येतात. अनवाणी आलेली चटके बसले की चपला आणायला पळतात, पण ती दोन मिनिटं सगळी गप्प असतात.

त्याच मिनिटाला नाशिकला काय होत असतं? नाशिक पुण्याच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, म्हणून तिथेही तेव्हाच मध्यान्ह असते. पण तिथल्या एक मीटर उंचीच्या काठीला अडीच सेंटिमीटरच्या थोडी वर सावली उरलेली असते. म्हणजे तिथे सूर्य डोक्यावरून सुमारे दीड अंश कललेला आहे. नकाशावर दोन गावांमधलं सरळ अंतर साधारण 165 किलोमीटर. दीड अंशाला 165, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांना किती? 39,600 किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर 40,000 किलोमीटरच्या आसपास आहे. एका काठीत, एका फोनवर बोलणाऱ्या मित्राच्या मदतीने आणि चौथीच्या त्रैराशिकात आपण पृथ्वी मोजली.

प्रयोग नीट करायचा असेल तर मात्र नाशिकऐवजी उज्जैनचा मित्र गाठावा. सूर्य हा बिंदू नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड जवळजवळ सेंटिमीटरभर पुसट असते, आणि अडीच सेंटिमीटरच्या सावलीत तेवढी चूक फार झाली. उज्जैनला, तिथल्या मध्यान्हीला, सावली आठ सेंटिमीटरच्या वर भरते. शिवाय ज्या गावावरून आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी शून्य रेखांश मानला, तिथली सावली मोजायला मला तरी जास्त आवडेल.

इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केलं. आस्वानला सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियातली सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन दाखवत होती. अंतराला पन्नासने गुणलं की झालं.

पण इथे जरा थांबायला हवं, कारण या हिशोबात एक गोष्ट आपण न बोलता धरून चाललो आहोत: सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतर येतात. समजा कुणी म्हणालं, जमीन सपाटच आहे आणि सूर्य जवळ आहे. तर त्याच सावल्यांवरून सूर्याची उंची निघते, सुमारे 6,300 किलोमीटर. प्राचीन चीनमध्ये अशाच सपाट जमिनीवरच्या सावल्यांतून सूर्याची उंची काढली गेली होती. गणितात चूक नव्हती. नुसत्या दोन सावल्या दोन्ही गोष्टी तितक्याच प्रामाणिकपणे सांगतात. गोल पृथ्वीच्या बाजूने कौल दिला तो दुसऱ्याच पुराव्यांनी: चंद्रग्रहणात पडणारी पृथ्वीची सावली नेहमी गोल असते, आणि उत्तर-दक्षिण प्रवास केला की तारे वर-खाली सरकतात. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, दिल्लीत साडेअठ्ठावीसवर.

विश्वाविषयीच्या कल्पनांचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा शहाणे आणि अडाणी अशी वाटणी करून सांगतात. खरं बोलणारा एकटा, आणि त्याला छळणारे बाकीचे. मला ही मांडणी खटकते. छळ झाला हे खरंच आहे. पण जे विरोधात उभे राहिले त्यांच्यातल्या कित्येकांचे आक्षेप उत्तम होते. ते वगळले तर खरी गोष्टच हातातून जाते.

आर्यभटाचंच बघा. 499 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने लिहिलं, 'अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्'. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी. शिवाजीनगर स्टेशनात शेजारची गाडी हलल्यावर आपलीच सुटली असं वाटतं, तोच हा अनुभव. त्याने दिलेल्या आकड्यांवरून पृथ्वीची एक फेरी 23 तास 56 मिनिटं 4.1 सेकंदांची येते. आजच्या मापाशी ती सेकंदाच्या अंशापर्यंत जुळते. (त्याने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगितल्याचे संदेश फिरत असतात. तसं त्याने म्हटलेलं नाही. तो बोलतो आहे ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याबद्दल, आणि त्याचं मोठेपण तेवढ्यावरच भक्कम उभं आहे.)

वराहमिहिराला हे पटलं नाही. त्याने विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाण्यासारखे पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात? हसू नका. पुणं या क्षणी पूर्वेकडे ताशी जवळजवळ 1,600 किलोमीटर वेगाने चाललं आहे. कात्रजच्या तळ्यावरून उडालेली घार मिनिटभराने खाली आली तर तळं पंचवीस किलोमीटर पुढे गेलेलं असायला हवं, नाही का? या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला लागली हजाराहून जास्त वर्षं. ते गॅलिलिओने 1632 साली दिलं: चालत्या जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं नेहमीसारखीच उडतात, कारण जहाजाचा वेग त्यांच्या अंगी आधीच असतो. डेक्कन क्वीन पूर्ण वेगात असताना संत्रं वर फेकून झेला. ते हातातच पडतं, मागच्या बाकावरच्या काकूंच्या मांडीवर नाही.

आणि पृथ्वी फिरते याचा डोळ्यांनी बघता येणारा पुरावा आला तो त्याहून उशिरा, 1851 साली, फुकोच्या लंबकाने. तसा लंबक पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आहे. लंबक आपल्या रेषेत झुलत राहतो आणि खालची जमीन हळूहळू वळते, म्हणून त्याची रेषाच सरकताना दिसते. उत्तर ध्रुवावर ही रेषा साधारण एका दिवसात पूर्ण फिरेल, विषुववृत्तावर मुळीच फिरणार नाही. पुण्याच्या अक्षांशावर ती तासाला पावणेपाच अंश सरकते आणि पूर्ण फेरीला लावते सुमारे 75 तास, तीन दिवसांहून जास्त. त्याच्यापुढे अर्धा तास उभं राहिलं तर फरक जाणवतो. राहावंच.

आता मोठा प्रश्न. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे समॉसच्या अरिस्टार्कसने इसवी सनापूर्वी तिसऱ्याच शतकात म्हटलं होतं. मग कोपर्निकसचं पुस्तक येईपर्यंत, म्हणजे 1543 पर्यंत, अठराशे वर्षं ते का मागे पडलं? धर्म, परंपरा, पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या टॉलेमीच्या गणिताचा दबदबा, सगळं खरं. पण त्याखाली एक अगदी स्वच्छ आक्षेप होता. हाताचा अंगठा समोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. याला पराशय म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जानेवारीत आपण एका डोळ्याने बघतो आणि जुलैत दुसऱ्या. मग जवळचे तारे लांबच्या ताऱ्यांपुढे सरकताना दिसायला हवेत. तसे ते दिसत नव्हते. कुणालाही, कधीही.

अरिस्टार्कसचं उत्तर होतं की तारे इतके लांब आहेत की पृथ्वीची कक्षा त्यांच्यापुढे बिंदूएवढी आहे. हे आपल्याला आर्किमिडीजच्या लेखनातून कळतं. उत्तर बरोबर होतं, पण मागणी केवढी! न दिसणाऱ्या गोष्टीचं स्पष्टीकरण म्हणून विश्व हवं तेवढं ताणायचं? ट्युको ब्राहेने, दुर्बीण यायच्या आधीच्या सर्वात काटेकोर निरीक्षकाने, सोळाव्या शतकात हा आक्षेप आणखी धारदार केला. तारे नुसत्या डोळ्यांना बारीक ठिपक्यांसारखे, म्हणजे काहीतरी रुंदी असलेले दिसतात. ते कोपर्निकसला हवे तेवढे लांब असतील, तर एकेक तारा पृथ्वीच्या कक्षेहूनही मोठा असायला हवा. असला राक्षसी तारा मानण्यापेक्षा पृथ्वी स्थिर मानणं त्याला सयुक्तिक वाटलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. ती दिसणारी रुंदी ताऱ्याची नसून डोळ्याची आणि हवेची आहे, हे त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं.

1610 मध्ये गॅलिलिओला गुरूचे चंद्र आणि शुक्राच्या कला दिसल्या, केप्लरने कक्षा लंबवर्तुळाकार केल्या, न्यूटनने गुरुत्वाकर्षण दिलं. बहुतेकांचं मत फिरलं. तरी तारे हलेनात. 1728 साली जेम्स ब्रॅडली पराशय शोधत असताना त्याला एक तारा सरकताना सापडला, पण चुकीच्या दिशेला. कारण काय, ते पुण्यातल्या दुचाकीवाल्याला चटकन कळेल. पाऊस सरळ खाली पडत असला तरी कर्वे रस्त्यावरून स्कूटरवर निघालात की तो समोरून छातीवर येतो. पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटर धावते, म्हणून ताऱ्यांचा प्रकाशही किंचित समोरून येतो. हा कल जेमतेम 20 विकला. एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा हा पहिला थेट पुरावा, आणि तो पावसाच्या गणिताने मिळाला.

खरा पराशय सापडायला आणखी 110 वर्षं गेली. 1838 साली फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्यासाठी तो जाहीर केला: 0.31 विकला. हा कोन किती लहान? पर्वतीवर उभे राहा आणि सिंहगडाकडे बघा. हवाई अंतर सतरा-अठरा किलोमीटर. गडावर कुणीतरी दहा रुपयांचं नाणं आपल्याकडे तोंड करून धरलं आहे अशी कल्पना करा. पर्वतीवरून त्या नाण्याची रुंदी जेवढी दिसेल तेवढा तो कोन. ट्युकोची उपकरणं जास्तीत जास्त 60 विकलांपर्यंत अचूक होती. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्याला गडावरचं नाणं दिसत नव्हतं, इतकंच.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या मोजमापांवरून थॉमस हेंडरसनने नरतुरंगातल्या 'मित्र' ताऱ्याचं अंतर काढलं. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वात जवळचा, एकत्र फिरणाऱ्या ताऱ्यांचा गट तोच, सुमारे 4.4 प्रकाशवर्षांवर. युरोपातल्या वेधशाळांतून तो दिसतच नाही, पुण्यातून दिसतो. 13 मेला दुपारी काठीची सावली हरवलेली बघितलीत, की त्याच रात्री बाराच्या सुमारास दक्षिणेला कात्रजच्या डोंगरांवर, क्षितिजापासून दहा-अकरा अंशांवर तो शोधा. शहराच्या उजेडातही सापडतो.

पुढे विसाव्या शतकात गोष्टी झपाट्याने घडल्या. देवयानी तारकासमूहातला धुरकट ठिपका ही आपल्या आकाशगंगेसारखीच स्वतंत्र दीर्घिका असल्याचं एडविन हबलने दाखवलं. त्यासाठी लागलेली मोजपट्टी, म्हणजे ठरावीक काळाने उजळ-मंद होणाऱ्या सेफिड ताऱ्यांचा नियम, हेन्रिएटा लेव्हिट यांनी शोधली होती. 1929 पर्यंत दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्याचंही दिसलं. मग प्रश्न उरला: विश्वाला सुरुवात आहे का?

इथे ही गोष्ट पुण्यात येते. फ्रेड हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये मांडलं की विश्व प्रसरण पावतं, पण विरळ होत नाही, कारण नवं द्रव्य सतत निर्माण होत असतं. म्हणून ते सदासर्वकाळ सारखंच. हा स्थिर स्थिती सिद्धांत. याचं मला सर्वात आवडतं ते असं की तो तपासता येत होता. लांब बघणं म्हणजे भूतकाळात बघणं. विश्व नेहमी सारखंच असेल तर लांबचे रेडिओ स्रोत जवळच्यांसारखेच असले पाहिजेत. केंब्रिजमध्ये मार्टिन राईल यांनी 1961 साली स्रोतांच्या मोजणीवरून तसं नसल्याचं जाहीर केलं, तेव्हा हॉईल यांच्या बाजूने उत्तर तयार करणारा त्यांचा तरुण विद्यार्थी होता जयंत नारळीकर. 1965 साली सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाची सुरुवात अतिशय दाट आणि तप्त अवस्थेतून झाली या मताकडे, वळले.

उटीच्या उतारावर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी 530 मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली होती. तिथे काम चाले ते एका अर्थाने सावलीचंच. चंद्राची कड एखाद्या दूरच्या रेडिओ स्रोताला झाकते, त्याला पिधान म्हणतात. संदेश कसा मावळतो हे बघून स्रोताचा कोनीय आकार काढायचा. 1975 साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी या मोजमापांतून दाखवलं की काळाबरोबर रेडिओ स्रोत बदलत गेले आहेत. तो निकाल स्थिर स्थितीच्या विरोधात होता.

नारळीकरांना तरी महास्फोट पटला नाही. 1993 साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी आपल्या सिद्धांताची नवी आवृत्ती मांडली. तेव्हा ते पुण्यात, गणेशखिंडीत, स्वतः उभ्या केलेल्या आयुकाचे संचालक होते. आणि त्याच आवारात, शेजारच्या संस्थेतून, गोविंद स्वरूप पुण्याच्या उत्तरेला खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभारत होते. त्यांचा एक मोठा उद्देश होता तो दीर्घिका घडायच्या आधीच्या काळातला हायड्रोजन शोधण्याचा.