मीटरची सेन्सर केबल लांब करायचीय? आधी बघा तिच्यातून काय वाहतंय

हॅम रेडिओ, म्हणजे हौसेखातर रेडिओवरून संपर्क, करणाऱ्यांच्या टेबलावर एक डबा हमखास असतो, पॉवर मीटर. रेडिओतून किती वॅट अँटेनाकडे चाललेत आणि त्यातले किती आपटून परत येतायत ते तो दाखवतो. साध्या मीटरमध्ये कोॲक्स, म्हणजे रेडिओकडून अँटेनाला जाणारी शील्डवाली केबल, थेट मीटरच्या पाठीत जाते आणि शेजारच्या सॉकेटमधून बाहेर पडते. पण बऱ्याच मीटरचा सेन्सर वेगळा असतो, एक छोटी धातूची डबी, कोॲक्स तिच्यातून जाते आणि डिस्प्लेपर्यंत येते फक्त एक बारीक केबल. सोय झकास आहे, कारण शेकडो वॅटची जाडजूड केबल टेबलावर वळवून आणायची कटकट नाही. अडचण एवढीच की सोबत मिळणारी ही बारीक केबल बहुतेक वेळा असते दीड-दोन मीटर आणि सेन्सर बसवायचा असतो पार तिकडे, जिथून कोॲक्स भिंतीबाहेर जाते तिथे.

मग सगळे एकच प्रश्न विचारतात, केबल किती लांब चालेल? आणि उत्तरं येतात, अरे वायर लांब झाली की रेझिस्टन्स वाढणार, रीडिंग कमी येणार. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट कुठली असेल तर तो रेझिस्टन्स. लांबीचं नंतर बघू, आधी हे बघायला हवं की त्या केबलमधून नक्की जातंय काय.

त्यासाठी डबीत डोकावू. आत असतो डायरेक्शनल कपलर, म्हणजे जाणारी आणि परत येणारी लहर वेगवेगळी ओळखणारं सर्किट. वॉरेन ब्रुइन यांनी १९५९ साली क्यूएसटी मासिकात या प्रकारच्या वॅटमीटरचं सर्किट समजावून दिलं होतं आणि आजही कितीतरी मीटर त्याच घराण्यातले आहेत. दुसऱ्या एका लोकप्रिय प्रकारात फेराइट रिंगवर तार गुंडाळून दोन ट्रान्सफॉर्मर करतात. ३२ फेऱ्या घातल्या तर मूळ पॉवरचा साधारण हजारावा हिस्सा बाहेर येतो, म्हणजे ३० डीबी कमी. १०० वॅट चालू असताना ५० ओहमच्या लाइनवर पीक व्होल्टेज असतं १०० व्होल्ट, आणि आपल्या वाट्याला त्याचा साधारण बत्तिसावा हिस्सा येतो (पॉवर हजारावी झाली की व्होल्टेज एवढंच कमी होतं), म्हणजे फक्त ३.१६ व्होल्ट. ते डायोडने रेक्टिफाय केले, म्हणजे एकाच दिशेचे केले, कपॅसिटरने सपाट केले की झालं डीसी. एक डीसी फॉरवर्डचं, म्हणजे जाणाऱ्या लहरीचं, एक रिफ्लेक्टेडचं, म्हणजे परत येणारीचं, तिसरी वायर ग्राउंड.

तर डायोड जर डबीतच असेल तर बारीक केबलमधून नुसतं डीसी येतंय आणि आपलं काम सोपं आहे. नेटवर्कला वापरतो ती २४ गेजची वायर धरा, मीटरला ०.०८४ ओहम. १० मीटर जाऊन-येऊन झाले २० मीटर, म्हणजे १.७ ओहम. डिस्प्लेचा इनपुट १० किलो-ओहमचा असेल तर व्होल्टेज पडणार ०.०१७ टक्के, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गात जाते म्हणून त्याच्या दुप्पट, ०.०३४ टक्के. सुईची जाडी याच्यापेक्षा जास्त असते हो!

पण इथेच एक खोच आहे जी मला बरीच उशिरा कळली. काही सेन्सरमध्ये अँप्लिफायर किंवा एलईडी असतो आणि त्याचा सप्लाय याच केबलमधून जातो, आणि परतीची वायर तीच सिग्नलची ग्राउंड. समजा हा करंट ५० मिलिअँपिअर आहे. १० मीटरच्या एका वायरवर मग ४२ मिलिव्होल्ट पडतात आणि ते सरळ सिग्नलमध्ये मिसळतात. १०० वॅटला ३.१६ व्होल्टपुढे ४२ मिलिव्होल्ट म्हणजे किरकोळ, मीटर १०२.७ दाखवेल (डायोड आदर्श धरलाय, हिशोबासाठी). पण १ वॅटला सिग्नलच असतो ०.३१६ व्होल्ट, तिथे मीटर दाखवणार १.२८ वॅट! आणि एसडब्ल्यूआर (किती लहर परत येतेय त्याचा आकडा, १ म्हणजे काहीच नाही) तर अजून नाजूक, कारण रिफ्लेक्टेडचं व्होल्टेज मुळात चिमूटभर असतं आणि त्यात तेवढेच ४२ मिलिव्होल्ट मिसळले की ५ वॅटवर १.०६ असलेला एसडब्ल्यूआर १.१८ दिसायला लागतो आणि माणूस विनाकारण अँटेना छाटायला निघतो. उपाय साधा आहे, सिग्नलच्या ग्राउंडला वेगळी वायर आणि सप्लायच्या परतीला वेगळी, पण त्यासाठी डिस्प्लेच्या आत दोन्ही वेगळ्या पोचल्या पाहिजेत, सॉकेटमध्येच परत एक झाल्या तर काही उपयोग नाही.

आता खरा व्हिलन. ७.१ मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ ४२ मीटर, तिचा पाव भाग साडेदहा मीटर. म्हणजे १० मीटरची सेन्सर केबल टाकली की आपण नकळत ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची) छान पाव-वेव्ह अँटेना घरात टाकली, आणि तीही अशा जागी जिथे शेजारून १०० वॅटची कोॲक्स जातेय. कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून वाहणारा नको असलेला करंट, त्याला कॉमन मोड म्हणतात, या केबलमध्ये उतरतो, दोन्ही टोकांना जाऊन पोचतो आणि तिथे डायोड किंवा ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) वाट बघत बसलेलेच असतात. डायोडला काय कळतं की हा आरएफ, म्हणजे रेडिओचा सिग्नल, कपलरमधून आलाय की केबलमधून, तो दोघांनाही रेक्टिफाय करतो. त्यामुळे मीटर एका बँडवर चोख आणि दुसऱ्यावर बरळतो, किंवा केबलला हात लावला की रीडिंग हलतं. असं दिसलं तर समजायचं, रेझिस्टन्सचा काही दोष नाही.

यावर करायचं काय, तर आधी केबल शील्डची घ्या आणि शील्ड एका टोकाला डबीच्या आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेच्या धातूला जोडा. ऑडिओवाल्यांचा एक सल्ला असतो की शील्ड एकाच बाजूला जोडा, हम (विजेच्या लाइनची गुणगुण) येत नाही. ५० हर्ट्झच्या हमसाठी ठीक आहे तो, पण आरएफसाठी एका टोकाला मोकळी सोडलेली १० मीटरची शील्ड म्हणजे परत अँटेनाच. मग दोन्ही टोकांना प्रत्येक सिग्नल वायरपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय आखूड ठेवून. आणि केबल फेराइट रिंगमधून एकदाच ओवून समाधान मानू नका, इंपीडन्स, म्हणजे आरएफला होणारा अडथळा, साधारण फेऱ्यांच्या वर्गात वाढतो, ५ फेऱ्या म्हणजे २५ पट. एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) फेराइटचं ३१ नंबरचं मिक्स चांगलं. केबल कोॲक्सला टाय मारून समांतर नेऊ नका, सगळ्यांना तेच नीटनेटकं वाटतं आणि तेच नडतं.

हे झालं डीसीचं. पण काही मीटरचा डायोड डबीत नसतोच, डबी आरएफचा नमुना तसाच पुढे पाठवते आणि मोजणी डिस्प्लेत होते. इथे केबल हा मोजमापाचाच भाग आहे. १० मीटर आरजी-५८ ही बारीक कोॲक्स टाकली तर ३० मेगाहर्ट्झला जवळपास ०.८ डीबी जातात, म्हणजे मीटर सरळ १७ टक्के कमी दाखवणार, आणि १४४ मेगाहर्ट्झला नुकसान २ डीबीच्या आसपास. फेज, म्हणजे दोन लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत ते, मोजणारा मीटर असेल तर फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेडच्या दोन केबली अगदी सारख्या लांबीच्या लागतात, ३० मेगाहर्ट्झला १० सेंटिमीटरचा फरक साडेपाच डिग्रीचा घोळ करतो. अशा मीटरला केबल वाढवल्यावर परत कॅलिब्रेट केल्याशिवाय विश्वास ठेवू नये. तिसरा प्रकार, सेन्सरच आकडे करून पाठवतो. त्यात जर आय-टू-सी बस (चिपांनी आपसात आकडे पाठवायची पद्धत) असेल तर तिच्या वायरींच्या कपॅसिटन्सची मर्यादा ४०० पिकोफॅरड, आणि नेटवर्क केबल मीटरला ५० च्या आसपास घेते, म्हणजे १० मीटरला ५००, गाडी तिथेच अडली. लांब अंतरासाठीची आरएस-४८५ पद्धत असेल तर मात्र बिनधास्त, ते शेकडो मीटर जातं.

कुठला प्रकार आहे ते ओळखायला सर्किट मिळालं तर उत्तमच, नाहीतर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) कॅरिअर, म्हणजे आवाजाशिवायचा स्थिर सिग्नल, सोडून सेन्सरच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. पॉवर वाढवली की वाढणारं स्थिर डीसी दिसलं तर तुम्ही नशीबवान. पिना पण याच वेळी लिहून ठेवा. मी एकदा फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेडच्या वायरी उलट सोल्डर केल्या होत्या, मीटर म्हणे सगळी पॉवर परत येतेय, आणि मी शहाणा गच्चीवर जाऊन अँटेनाचे जॉइंट उघडत बसलो.

एक टेस्ट मला फार आवडते. सेन्सर कोॲक्समधून काढून टाका, कोॲक्स जॉइनर लावून सरळ जोडा, पण सेन्सर त्याच जागी ठेवा, लांब केबल तशीच असू द्या आणि डिस्प्ले चालू. आता ट्रान्समिट करा. सेन्सरमधून एक वॅटही जात नाहीये, त्यामुळे मीटरने शून्यच दाखवलं पाहिजे, जे काही दाखवेल ते केबलने हवेतून ओढलेलं. माझ्या १० मीटर केबलवर पहिल्यांदा ७ मेगाहर्ट्झला सुई ८ वॅटवर जाऊन उभी राहिली होती. दोन्ही टोकांना रिंग आणि कपॅसिटर लावल्यावर तिथे शून्य झाली, १४ मेगाहर्ट्झला अजून जराशी थरथरते, डिस्प्लेच्या बाजूला आणखी दोन फेऱ्या टाकून बघायच्यात.