उद्धरण-प्रभाव
एखाद्या संशोधकाच्या लेखनाचा आधार नंतरच्या संशोधकांनी आपल्या निबंधांत किती वेळा घेतला, त्यावरून काढलेले त्याच्या कामाचे माप. विद्यापीठात बोलताना याला सरसकट ‘सायटेशन’ म्हणतात.

युजीन गारफिल्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या संस्थेने १९६४ मध्ये विज्ञान-निबंधांची उद्धरणसूची काढली, तेव्हापासून ही मोजणी पद्धतशीर झाली. २००४ मध्ये स्कोपस आणि गुगल स्कॉलर ही उद्धरणे मोजणारी ऑनलाइन साधने आली. गुगल स्कॉलर ग्रंथ व प्रबंधही धरतो, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक मांडला. पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ६, ४ आणि १ उद्धरणे असतील, तर निर्देशांक ४. कारण चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उद्धरणे आहेत. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० वरून ४०० झाली तरी तो चारच राहतो.

हा आकडा विद्याशाखेबाहेर नेला की फसवतो, हे कोल्हापुरात स्पष्ट दिसते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्म, सौरघट, सुपरकपॅसिटर यांवर मोठे काम झाले आहे. असे निबंध बहुधा अनेक सहलेखकांचे असतात, इंग्रजीत निघतात आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्यांचा आधार घेतात. त्याच शहरात पुराभिलेखागारातले मोडी कागद लावून वाचणाऱ्या इतिहास-अभ्यासकाचे काम एकट्याचे असते. त्याचा ग्रंथ मराठीत येतो आणि त्यातल्या तळटिपा आंतरराष्ट्रीय सूचींपर्यंत फारशा पोचत नाहीत. गणितातही निबंध कमी आणि संदर्भयाद्या आखूड असतात. राजाराम महाविद्यालयात शिकवणारे आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेली कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची आवृत्ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. प्राकृत आणि जैन विद्येचे अभ्यासक तिच्याकडे अनेक दशकांनंतरही वळतात. दोन-पाच वर्षांच्या उद्धरणांवर बेतलेल्या मापात अशा ग्रंथाचे मोल मावत नाही, आणि तो दोष मापाचा आहे.

यावर उपाय म्हणून निबंधाची तुलना त्याच विषयातील, त्याच वर्षीच्या निबंधांच्या सरासरीशी करतात. येणारे गुणोत्तर १ म्हणजे सरासरीइतके. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून (त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सरासरी उद्धरणांवरून) संशोधकाला जोखू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने (२०१२) सांगितले; लायडन जाहीरनाम्याने (२०१५) स्थानिक भाषांतील संशोधन जपण्याचा आग्रह धरला. मराठी ग्रंथांची मात्र पुरेशी उद्धरणसूचीच नसल्याने त्यांच्यासाठी ही सरासरी काढता येत नाही.